कॉम्युटेटरजवळची गाठ

ते त्र्याऐंशी साल. तिला अठ्ठेचाळीस पूर्ण झाली होती, कानामागचे केस पांढरे झाले होते, मुलगा हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग शिकत होता, तरी गल्लीत, दुकानात, तारेच्या व्यापाऱ्याकडे तिला सगळे ‘धाकटी’च म्हणत. धाकटी म्हणायला समोर थोरली लागते. थोरली लग्न करून दुसऱ्या शहरात गेली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. पण जाताना ती दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीची खूण करून गेल्यासारखी गेली होती, आणि धाकटीला येताजाता त्या खुणेखालूनच वावरावं लागे. दुकान वडिलांचं. पुढच्या खोलीत मोटारींचे डायनामो आणि स्टार्टर उघडायचे, ते काम तिच्या नवऱ्याचं. मागच्या खोलीत खिडकीशी वाइंडिंगचं टेबल, तिथे ती बसे आणि आर्मेचर भरे, म्हणजे डायनामोच्या आतल्या फिरत्या दांड्यावरची जळकी तार काढून खाचांमधून नवी घाली. वरच्या दोन खोल्यांत संसार. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, कारण डायनामो का बिघडला हे फळ्यावर खडूने काढून दाखवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला सोडत नसत. “आमच्याकडे दुरुस्तीवर शिकवणी फुकट,” असं ती म्हणे, आणि मास्तर हसत. त्या आठवड्यात मात्र मास्तरांचं हसू वरच्या मजल्यावर जास्त ऐकू येत होतं. थोरली, म्हणजे ताई, एका डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, आठ दिवस मान हलवायची नाही अशा बोलीवर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. सकाळचा चहा मास्तर स्वतः वर नेत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. खाली टेबलाशी बसलेल्या धाकटीला छतातून शब्द कळत नसत, फक्त चढउतार कळत. एक जाड आवाज, एक बारीक, मग दोन्ही मिळून हसणं. माणसाला आंधळं झाल्यावर इतकं कशाचं हसू येतं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. लाज वाटली म्हणून ते मनातून गेलं असं मात्र नाही.

मंगळवारी दातांचे डॉक्टर आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. आत डायनामो. त्यांच्या वडिलांची छत्तीस सालची मोटार वीस वर्षं आच्छादनाखाली होती. त्यांनी ती हौसेनं बाहेर काढली, इंजिन चालू केलं, सगळं झालं, पण बॅटरी काही भरेना. येत्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती आणि त्यांनी नाव दिलेलं होतं.

“दुखतंय कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“चार्ज करत नाही. बाकी रंगरूप ठणठणीत.”

“उपटायचा की भरायचा?”

“अहो, हा प्रश्न मी विचारायचा असतो,” डॉक्टर म्हणाले. “भरूनच द्या. एकदा वडिलांनी इथेच भरून घेतला होता. साल काही आठवत नाही. शाळेत होतो का कॉलेजात, देव जाणे. त्यानंतर कुणी उघडलेला नाही.”

मास्तरांनी उघडला. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, दांड्याच्या बुशात तेलाचा दगड झाला होता. आर्मेचर चाचणीच्या चुंबकावर ठेवून त्यांनी करवतीचं जुनं पातं एकेका खाचेवरून फिरवलं. एका जागी पातं जाळ्यात सापडलेल्या माशीसारखं थरथरलं. आत तार तारेला भिडली होती. “घे, तुझा पेशंट,” म्हणून त्यांनी ते तिच्या टेबलावर ठेवलं आणि ताईंच्या औषधाची वेळ झाली म्हणत जिना चढले. तिने चष्म्यावर भिंग चढवलं. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल कडं असतं, कॉम्युटेटर. त्याच्या गळ्याशी तारांची सगळी टोकं येतात आणि ती फिरताना उसळू नयेत म्हणून त्यांच्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळतात. मग दोऱ्याचं टोक शेवटच्या वेढ्यांखाली ओढून कापून टाकायचं, ही जगाची रीत. तिने पात्याने जुनं काळपट व्हार्निश खरवडलं आणि तिचा हात थांबला. दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली ओढलेलं नव्हतं. ते एकदा मागे वळवून त्याचे दोन पेड उकलले होते, एक पेड डावीकडून आणि एक उजवीकडून घेऊन त्यांची गाठ मारली होती आणि ती नखाने अशी दाबली होती की ती तिळाएवढी, चपटी, एका बाजूला किंचित कलती बसली होती. ही गाठ तिची होती. आणि हे आर्मेचर तिने जन्मात हातात घेतलेलं नव्हतं.

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पंपाचा दांडा वरखाली होत होता आणि तेवढ्या वेळात तिच्या मनात अठ्ठावीस वर्षं मागे गेली, फार आवाज न करता, जसा टेबलाचा वंगण लावलेला खण मागे जातो. लग्नाला पुरता महिना झाला नव्हता. ताई गेल्यापासून टेबल रिकामंच होतं आणि मास्तर, तेव्हा ते मास्तर नव्हते, वडिलांच्या हाताखालचा पंचवीस वर्षांचा लाजरा कारागीर होते, तिला वाइंडिंग शिकवत होते. ती स्टुलावर, ते मागे उभे, त्यांचे हात तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले. पहिलं आर्मेचर भरून झालं तेव्हा ते म्हणाले, “शेवटची गाठ तुला एक वेगळी दाखवतो.” त्यांच्या बोटांना तारेच्या मेणाचा वास होता. त्यांनी दोऱ्याचे पेड उकलले, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून गाठ मारली आणि कानाशी म्हणाले, “ही कुणाला शिकवायची नाही. ही आपली.” दागिना नाही, सहल नाही. लग्नात मिळालेलं असं तेवढंच. त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी नवऱ्यांनी दिलेली घड्याळं दाखवली, अत्तरं दाखवली. धाकटी ऐकून घेई आणि मनात म्हणे, माझ्याकडे काय आहे ते तुम्हाला दाखवताही यायचं नाही. शहरभर फिरणाऱ्या शेकडो गाड्यांच्या पोटात तिची आणि त्यांची एक तिळाएवढी गोष्ट फिरत होती. भांडण झालं, अबोला झाला, मधली चारदोन वर्षं नुसतीच कोरडी गेली, तरी संध्याकाळी शेवटची गाठ मारताना ‘आपली’ हा शब्द तिच्या बोटांत येई आणि दिवसाची बेरीज जमे. एकदा वडिलांनी तिचं ते पहिलं आर्मेचर हातात घेतलं होतं. उजेडाकडे धरून गाठीकडे कितीतरी वेळ बघितलं, काही न बोलता खाली ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेले, ते जेवायलाच परतले. काम पसंत पडलं नाही, ताईची सर नाही, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

तर मग ही इथे कुणी मारली? तिच्याआधी या टेबलावर एकच बाई बसत होती. ताईनं भरलेली आर्मेचरं तिने डझनांनी फोडली होती. त्यांत साधी गाठ असे, टोक आत ओढलेलं, शाळेतल्या वहीसारखं स्वच्छ. ही गाठ त्यांतल्या एकातही नव्हती. फक्त या एकात. आणि मग तिला दार दिसलं. मागच्या खोलीचं दार, अर्धं लोटलेलं, आणि आत चोपन्न सालातली संध्याकाळ. ताई दुसऱ्या दिवशी सासरी जायची होती. धाकटी तिला जेवायला बोलवायला आली होती. टेबलाशी ताई आणि तो कारागीर शेजारी शेजारी बसले होते, दिव्याखाली डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. मध्ये एक दोरा होता, त्याचं एक टोक तिच्या हातात आणि एक त्याच्या. दोघंही बोलत नव्हते. ती दारातूनच परत फिरली होती आणि येते म्हणाली असं वडिलांना सांगितलं होतं. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. एकोणतीस वर्षं ती संध्याकाळ अडगळीत पडलेल्या बिनचिठ्ठीच्या डब्यासारखी पडून होती, आणि आता झाकण उघडलं तर आत नेमकी हीच वस्तू. म्हणजे हेच ते आर्मेचर. डॉक्टर म्हणाले, शाळेत का कॉलेजात, आठवत नाही. तिने त्यांना आपल्या सोयीच्या वर्षात बसवलं. डॉक्टरांचं वय काय, चोपन्न साली ते कुठल्या कॉलेजात असतील, हा साधा हिशेब तिच्या मनाला शिवला नाही. मत्सराला बेरीज येत असते, वजाबाकी येत नाही.

ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. काम चालू होतं, स्वयंपाक होत होता, ताईच्या तोंडात घास जात होता. “धाकटे, मीठ विसरलीस,” ताई म्हणे, आणि तिला वाटे, मीठ नव्हे, मी कितीतरी विसरले होते. पट्टीखालचा ताईचा चेहरा ती आता निर्धास्त न्याहाळू शकत होती. छप्पन्नाव्या वर्षीही नाक सरळ, हनुवटी तशीच. लहानपणी पाहुणे आधी ताईकडे बघत आणि मग, सभ्य माणसं म्हणून, तिच्याकडे. ताईचे उतरलेले फ्रॉक तिच्या अंगावर येत. एकदा तिने त्यातल्या एकाला कात्री लावली होती, मधोमध, गळ्यापासून खालपर्यंत, आणि मार खाऊनही का ते सांगितलं नव्हतं. ताईला पाढे येत, ताईला शिवण येई, ताईला वडिलांचा मूड पायताणाच्या आवाजावरून कळे. तो एक लाजरा कारागीर मात्र आपला, पहिल्यापासून आपला, ताईच्या अंगाला न लागता थेट आपल्याकडे आलेला, अशी तिची समजूत होती. तोही उतरलेलाच निघाला. ‘आपली’ हा शब्दसुद्धा आधी दुसऱ्या कुणाच्या मापाने बेतलेला आणि मग तिला आखूड करून दिलेला. जिन्यावर मास्तरांची पावलं वाजत. ते वर जाताना हलकी वाटत, खाली येताना जड. तिने मोजायला सुरुवात केली. वर साडेबारा मिनिटं. काल अकरा होती.

गुरुवारी दुपारी वरून दोघांचं हसणं आलं आणि तिने छिन्नी उचलली. वाइंडिंगच्या धंद्यात एक नियम आहे, तो शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात. जुनी तार तोडण्याआधी तिची मापं लिहून घ्यायची. कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेली, प्रत्येक गुंडाळीला वेढे किती, टोक कुठल्या पट्टीवर. याला डाटा घेणं म्हणतात, आणि डाटा न घेता छिन्नी लावणारा माणूस म्हणजे पत्ता न वाचता पत्र जाळणारा. अठ्ठावीस वर्षांत तिच्याकडून ही चूक झाली नव्हती. त्या दुपारी तिने आधी धारदार पात्याने ती गाठ दोऱ्यासकट अलगद कापून काढली आणि रुमालात ठेवली. ती का ठेवली हे तिने स्वतःला विचारलं नाही. मग छिन्नीने तारा दोन्ही टोकांना तोडल्या, चिमट्याने खाचांमधून उपसल्या आणि मूठ मूठ भरून भंगाराच्या पिंपात, आधीच्या साठ मोटारींच्या तांब्यात, टाकून दिल्या. तार सुटताना एक कोरडा आवाज होई, सुकलेली साल सोलल्यासारखा. तिला त्या आवाजाची गोडी लागली. आर्मेचर उघडं झालं, नुसत्या लोखंडी खाचा, काळ्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की वही बंद आहे आणि पेन्सिलीला टोपण तसंच आहे.

मास्तर खाली आले, उघडं आर्मेचर बघितलं. “झालं सोलून? डाटा दे, तार किती लागेल बघतो.”

“नाही घेतला.”

 मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. “तू?” एवढंच म्हणाले. मग पिंपात डोकावले, आत हात घालून तांब्याची जटा वर काढली आणि सोडून दिली. “खाचा दिसतात, जोडणी लागेल शोधून. तारेची जाडीही कळेल. वेढे मात्र गेले. अंदाजानं भरला तर चार्ज करेल, नाहीतर दिवे उडवेल. आणि रविवार काही थांबत नाही.” त्यांनी फळ्यासमोर उगाच खडू हातात घेतला आणि ठेवला. “असं कर, ताईंना विचार. त्यांना जुन्या गाड्यांचे आकडे तोंडपाठ असायचे.”

सगळ्या जगात तेवढं एकच दार तिच्यासाठी उघडं राहिलं होतं. ती रुमाल मुठीत घेऊन जिना चढली.

“धाकटी ना?” ताई मान न हलवता म्हणाली. “पायऱ्या भांडत वर आल्या की समजावं.”

“एक आकडा हवाय.”

“डॉक्टरच्या गाडीचा? मास्तर म्हणाले, तिचा डायनामो आलाय म्हणून. हिरवी ना गं अजून?”

 दोन दिवस धाकटी एक वाक्य घडवत होती. त्याला धार होती, मागे-पुढे दोन टोमणे होते. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. तिने ताईचा हात ओढून उलटा केला, तळव्यावर ती गाठ ठेवली आणि म्हणाली, “ओळखतेस?”

ताईच्या अंगठ्याने गाठ शोधली. डोळे असलेला माणूस बोटांनी चाचपतो ते वेगळं, आणि हे वेगळं होतं. अंगठा गाठीच्या कडेकडेनं गेला, कलत्या बाजूशी थांबला. पट्टीखाली ताईचा चेहरा एकदम लहान झाल्यासारखा दिसला.

“आई,” ती म्हणाली.

“दुखतंय का? डोळा दुखतोय?”

“नाही गं. आईची गाठ आहे ही.” आणि तिने ती नीट धरायला दुसरं बोट लावलं, तेवढ्यात शेहेचाळीस वर्षांच्या त्या व्हार्निशनं आणि सुतानं अंग सोडलं. गाठीचा भुगा झाला. तपकिरी, तपकिरीइतकाच बारीक. ताईने मूठ मिटली, पण मिटून काय होणार.

“आई कशाला आर्मेचर भरेल?” धाकटी म्हणाली. तिची आई म्हणजे भिंतीवरचा एक फोटो होता. त्यात तिने हात फुलदाणीमागे ठेवले होते. धाकटी तीन वर्षांची असताना ती गेली, आणि वडील तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत.

“मग दुकान कोण चालवत होतं, वडील? वडील गप्पा चालवायचे. टेबल आईचं होतं. डॉक्टरच्या वडिलांचा डायनामो आला तेव्हा मी दहा वर्षांची. पहिल्यांदा मला वेढे मोजायला बसवलं होतं, मोठ्यानं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा वेढे, खाचेत दोन गुंडाळ्या. लिही ते. आणि तू टेबलाखाली रिकाम्या खोक्यात. सहा म्हटलं की खालून ‘छात’ म्हणून ओरडायचीस. एकदा आईनं तुझं ऐकून खरंच सातवा घातला आणि मग सगळी गुंडाळी सोडवली. शेवटी दोरा बांधायची वेळ आली तर रीळ तुझ्या मुठीत. सुटेना. आईनं मग उरलेल्या तेवढ्याशा टोकातच गाठ बसवली. तेव्हापासून तू अशीच. हातात आलेलं सोडायचं नाही, आणि दिलेलं घ्यायचं नाही.”

“त्यांना कुणी शिकवली मग?” तिने विचारलं.  “तुझ्या जायच्या आदल्या दिवशी. टेबलाशी. दोघं.”

“बघितलंस होय? मग आत का नाही आलीस?”  “वडिलांना ती गाठ बघवत नसे, म्हणून आई गेल्यावर मी साधीच मारायचे. मी गेले की ती संपली असती. तुला शिकवायची होती. पण तू माझ्या हातून काही घेत होतीस का? फ्रॉक कापलास. वाइंडिंग शिकवायला बसवलं तर माझ्या हातावर पक्कड मारलीस.”

“ती चुकून लागली.”

“दोनदा?”

धाकटीने रुमाल दुसऱ्या मुठीत घेतला.

“म्हणून त्याला शिकवली. म्हटलं, तू शिकव तिला. तुझी म्हणून शिकव. माझं नाव काढलंस तर ती दोरा दातांनी तोडेल. तो तुझ्याकडे कसा बघायचा ते आंधळीलाही दिसलं असतं.” ताई हसली, आणि पट्टी हलली म्हणून चटकन थांबली. “तो नको म्हणत होता, खोटं कसं बोलू म्हणून. मी शपथ घातली. पाळली म्हणायची त्यानं.”

आता हायसं वाटायला हवं होतं. खिडकीबाहेर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, वारा नव्हता, त्या सरळ लोंबत होत्या, आणि धाकटी हायसं वाटायची वाट बघत उभी राहिली. रागाचं कारण गेलं आणि राग तसाच राहिला, खुंटी पडावी आणि कोट हवेतच लटकत राहावा तसा. ज्या बाईचा मत्सर करायचा तीच नाहीशी झाली. पण त्या टेबलाशी बसून दहा वर्षांची एक पोर आईच्या शेजारी सहापर्यंत मोजत होती, त्या पोरीचं काय करायचं? ताईकडे आईचे हात होते, तिचा आवाज होता, मोजण्याची लय होती. धाकटीकडे टेबलाखालचं खोकं, तेही ताईने आज सांगितलं म्हणून. आणि त्या दोघांनी मिळून तिच्यावर अठ्ठावीस वर्षं माया केली होती, तिला न कळवता, लहान मुलाच्या दुधात औषध घालावं तशी. त्या मायेवर रागावायची सोय नव्हती, म्हणून ती जास्तच बोचत होती. आईच्या हातची जगात उरलेली एकुलती एक गोष्ट तिने स्वतः छिन्नीने सोलून काढली होती. तिने ताईची मूठ उघडली, तळवा आपल्या रुमालाने पुसला, रुमालाची घडी केली. “चहा आणते,” ती म्हणाली. “मीठ घालून आण,” ताई म्हणाली.

शुक्रवारभर ती टेबलावरून उठली नाही. खाचांत नवा कागद घातला, तार मेणातून ओढून घेतली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं मोजत आर्मेचर भरलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक सहानंतर बोटं एक क्षण थांबत, खालून कुणी ओरडतंय का ते ऐकल्यासारखी. टोकं पट्ट्यांना डाग देऊन जोडली, दोरा गुंडाळला आणि शेवटी पेड उकलले. मास्तर दारात उभे होते, किती वेळ ते कळलं नाही.

“अहो,” ती मान वर न करता म्हणाली, “ही गाठ कुणाची?”

त्यांनी आधी छताकडे बघितलं, मग तिच्याकडे. खोटं सापडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. फार दिवस उचललेलं ओझं कुठे ठेवू असं विचारणारा होता.

“आपली,” ते म्हणाले.

“हो. त्यात माणसं किती, ते काल कळलं,” ती म्हणाली, आणि गाठ नखाने दाबली. ती किंचित कलती बसली.

शनिवारी व्हार्निश भाजून वाळलं, मास्तरांनी डायनामो जुळवला आणि डॉक्टरांच्या गाडीला चढवला. गाडी खरंच हिरवी होती. इंजिन चालू करण्याआधी मास्तरांनी बॅटरीची एक तार डायनामोच्या खुंटीला निमिषभर टेकवली. बारीकशी ठिणगी पडली. “एवढंच?” डॉक्टरांनी विचारलं. “एवढंच,” मास्तर म्हणाले, आणि फळा नव्हता म्हणून बॉनेटवरच्या धुळीत बोटाने काढून दाखवलं. “आतल्या लोखंडाला चुंबकपणाची आठवण असते. दुरुस्तीत ती बिघडते, कधी उलटी होते. म्हणून पहिल्यांदा दिशा सांगायची. लोखंड विसरत नाही, पण ऐकतं.”  मीटरचा काटा थरथरला, शून्यावर जरा घोटाळला आणि भरण्याच्या बाजूला जाऊन स्थिर राहिला. सोमवारी ताईची पट्टी निघाली. तिने आधी धाकटीकडे बघितलं आणि म्हणाली, “म्हातारी झालीस गं.” धाकटी म्हणाली, “तू आधी.”

त्यानंतर डॉक्टरांनी ती गाडी एकवीस वर्षं चालवली, आणि हात थरथरायला लागले तेव्हा एका शौकिनाला विकली. त्याने ती काचेच्या दालनात ठेवली आहे आणि कधीच चालू करत नाही. ताई आणखी अकरा वर्षं जगली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिने करून घेतलं नाही. भांडायला एक डोळा पुरतो म्हणे. दर वर्षी ती महिनाभर येई आणि दोघी बहिणी चहातल्या साखरेवरून, खिडकीच्या पडद्यावरून भांडत. पण धाकटी तिच्याकडून एकेक गोष्ट मागून घेऊ लागली: आई कशी शिंकायची, आई मोजताना बोट ओठावर ठेवायची का. दर वेळी ऐकताना पोटात थोडं जळे, आणि तरी ती विचारी. मास्तर सत्त्याण्णव साली दवाखान्यात वारले. जाण्याच्या सकाळी ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला छतावरचा पंखा हळू का फिरतो ते समजावून सांगत होते.

मुलगा शिकून परत आला, दुकान त्यानेच घेतलं. जुने डायनामो आता वर्षाकाठी दोनचारच येतात, बाकी पंप आणि पंखे. त्याची बायको हौसेनं वाइंडिंग शिकली. हात चांगला आहे तिचा, धाकटीपेक्षाही चांगला. पण सासूने काही सांगितलेलं तिला चालत नाही. चिमटा असा धर म्हटलं तर ती तोंडभर “हो आई” म्हणते आणि तसाच धरते जसा तिला धरायचा असतो. धाकटी चार महिने बघत राहिली. मग एका दुपारी मुलाला मागच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, दोऱ्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि एक आपल्या.

पंधरा दिवसांनी सून वर आली. तिच्या हातात नुकतंच भरलेलं आर्मेचर होतं आणि गालावर काहीतरी लपवल्याची लाली.

“आई, एक गंमत दाखवू? यांनी शोधून काढलीय. म्हणाले, कुणाला सांगायची नाही, ही आपली आहे. पण तुम्हाला दाखवायला काय हरकत आहे?”

धाकटीच्या पोटात ते ओळखीचं जळणं उठलं, आणि या वेळी तिला त्याचं हसू आलं. तिने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

“मला नाही कळली,” ती म्हणाली. “सोड ती. पुन्हा पहिल्यापासून मार बघू.”